झोपेत मोठा स्ट्रोक झाला, इतक्या तासांनी नस उघडून मेंदू खरंच वाचतो का?

अक्कलकोटरोडवाला

मंडळी पोस्ट जरा मोठी आहे, पण ज्यांना यातलं कळतं त्यांनी वाचून स्पष्ट सांगा, आमचं मन राखायची गरज नाही.

माझे मोठे मामा, वय ६४, सोलापूर एमआयडीसीत टॉवेलचे लूम आहेत, बीपीची गोळी मनात आली तर घेणार नाहीतर नाही. रात्री साडेदहाला जेवून व्यवस्थित झोपले. पहाटे मामी उठल्या तर हे पलंगावर तिरके, तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात-पाय लुळा, बोलायला बघतायत तर नुसता आवाज येतोय. शेजारचे कांदा फोडून घेऊन आले, कोणीतरी पाणी पाजायला निघालं, एकजण म्हणाला अमुक गावात लकव्याचं झाडपाल्याचं औषध देतात ते उपाशीपोटीच घ्यावं लागतं तिकडंच न्या. शेवटी गाडीत घालून एका खाजगी दवाखान्यात नेलं. सीटी झाला, मग डाय सोडून डोक्याच्या नसांचा पण सीटी झाला. डॉक्टर म्हणाले डाव्या बाजूची मेन नस बंद आहे, स्ट्रोक मोठा आहे, कधी झाला ते कळत नाही म्हणून गुठळी विरघळायचं इंजेक्शन देता येत नाही, पण पुण्याला न्या, तिथं मांडीतून वायर घालून गुठळी काढतील.

आणि इथून घरात दोन पार्ट्या पडल्या. मामांचे साडू (मेडिकल दुकान आहे, त्यामुळं घरातले डॉक्टर तेच) म्हणाले सहा तासांत नस उघडली नाही की मेंदू मेला, आता अडीचशे किलोमीटर कशाला हाल करता, इथंच ठेवा. दुसऱ्या पार्टीत एकट्या मामी, पण आमची चर्चा चालू असताना त्या अँब्युलन्समध्ये जाऊन बसल्या सुद्धा, मग काय, निघालो. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण करत पोचेपर्यंत दुपार झाली, नस उघडली तेव्हा रात्रीच्या साडेदहापासून धरलं तर चौदा-पंधरा तास झाले होते.

आत्ता मामा काठी घेऊन हॉलमध्ये चालतात, आपण बोललेलं सगळं कळतं, टीव्हीवर जोक झाला तर हसतात, पण स्वतःचं बोलणं दोन-तीन शब्दांचं आणि ते पण तेलुगूच (आम्ही घरी तेलुगू बोलतो), उजव्या हाताची मूठ उघडत नाही. साडू अजून प्रत्येक कार्यक्रमात म्हणतात पैसे पाण्यात घातले, हात कुठं आला. मामी काही बोलत नाहीत.

तर मला विचारायचंय की इतक्या तासांनी आत काही जिवंत असतं का, असलं तर ते कसं, आणि नस पूर्ण उघडली म्हणतात तर मग हात का नाही आला. साडूंना दाखवता येईल असं लिहा.


कॅथलॅबकट्टा

मूळचा विजापूर वेशीतला, आता पुण्यात मेंदूच्या नसांचं काम करणाऱ्या टीममध्ये आहे. तुमच्या मामांचे सीटीचे फोटो मी पाहिलेले नाहीत त्यामुळं सर्वसाधारण सांगतो.

आधी साडूंची बाजू. सहा तासांचा आकडा त्यांनी हवेतून काढलेला नाही. २०१५ च्या आसपास गुठळी ओढून काढायच्या पाच मोठ्या ट्रायल्स (म्हणजे पेशंटचे दोन गट करून उपचाराची तुलना) पाठोपाठ आल्या, नेदरलँड्सची मिस्टर क्लीन त्यात पहिली, आणि त्यांतले बहुतेक पेशंट सहा तासांच्या आतले होते, म्हणून तोच नियम सगळ्यांच्या डोक्यात बसला. पण सगळ्यांचा मेंदू एकाच वेगानं मरत नाही ही गोष्ट त्या नियमात कुठं येत नव्हती.

आता आत काय होतं ते बघा. १०० ग्रॅम मेंदूला मिनिटाला साधारण ५० मिली रक्त लागतं. ते २० च्या आसपास किंवा त्याखाली आलं की पेशी काम थांबवतात, म्हणजे हात हलणार नाही, शब्द येणार नाही, पण पेशी मेलेली नसते, नुसती गप्प झालेली असते. १० च्या खाली गेलं की मात्र आतली पंपिंगची यंत्रणा बंद पडते, सोडियम-पाणी आत शिरतं, पेशी सुजते आणि थोड्या वेळात मरते. तर मोठी नस बंद झाली की मध्ये एक मेलेला भाग तयार होतो, त्याला आम्ही कोअर म्हणतो, आणि त्याच्या भोवती हा गप्प झालेला पण जिवंत पट्टा, त्याला पेनंब्रा. गंमत (गंमत कसली) अशी की पेशंटकडं बघून यातलं काय किती आहे ते कळतच नाही. कोअर मूठभर असो नाहीतर अर्धा मेंदू असो, हात तेवढाच लुळा दिसतो. म्हणून घरात बसून "मेंदू गेला" असं कोणीच म्हणू शकत नाही, मी पण नाही. ते फोटोतच दिसतं.

पेनंब्रा जिवंत कशावर राहतो, तर आडवाटेनं येणाऱ्या रक्तावर. सोलापुरातच समजून घ्या, मेन लाईन बंद आहे, पण मागच्या गल्लीच्या लाईनीतून बारीक धार येतेय, कपडे धुता येणार नाहीत पण माठ भरतोय. मेंदूच्या पृष्ठभागावर शेजारशेजारच्या नसांची टोकं एकमेकांना जोडलेली असतात, त्यातून ही धार येते. कोणाच्यात ही जोडणी दणकट, कोणाच्यात नावाला. दणकट असेल तो दहा-पंधरा तास तग धरतो, नावाला असेल त्याचं दोन तासांत आटोपतं. २००६ मध्ये सेव्हर म्हणून अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टनी हिशोब मांडला होता की मोठ्या नसेच्या स्ट्रोकमध्ये मिनिटाला १९ लाख न्यूरॉन जातात, तो आकडा बरोबर आहे पण ती सरासरी आहे, तुमच्या पेशंटचा वेग किती ते आधी कोणाला माहीत नसतं.

मग २०१८ ला डॉन आणि डिफ्यूज थ्री अशा दोन ट्रायल्स आल्या. डॉनमध्ये ६ ते २४ तास उलटलेले पेशंट घेतले, पण फोटोत कोअर लहान आणि त्रास मोठा असेल असेच निवडून. त्यात बरेच जण तुमच्या मामांसारखे झोपेतून उठल्यावर सापडलेले. तीन महिन्यांनी स्वतःचं स्वतः करू शकणारे किती, तर गुठळी काढली त्यांच्यात १०० मध्ये ४९ आणि नुसत्या औषधांवर ठेवले त्यांच्यात १३. फरक इतका उघड होता की ट्रायल मध्येच थांबवली. हे ४९ आणि १३ साडूंना दाखवा.

आणि हात का नाही आला. डावी मेन नस बंद पडते तेव्हा तिच्यातून खोलवर जाणाऱ्या केसासारख्या बारीक नसा पण बंद होतात, आणि त्या खोल भागाला मागच्या गल्लीची लाईन नसतेच. हाता-पायाच्या हालचालीच्या सगळ्या तारा तिथूनच दाटीवाटीनं खाली जातात. त्यामुळं तो भाग सगळ्यात आधी जातो, बहुतेकदा आपण पोचायच्या आतच. वरचा भाग, जिथं समजणं, बोलणं, वाचणं वगैरे आहे, तो आडवाटेच्या रक्तावर टिकलेला असला तर नस उघडली की बराचसा वाचतो. मामांना सगळं कळतंय, जोकला हसतायत, आणि मूठ उघडत नाही, हे त्या चित्राशी जुळतं. साडू जो हात मोजतायत तो बहुधा पहाटेच गेलेला होता. उरलेलं काय वाचलं ते कोणी मोजत नाही कारण ते गेलंच नाही.


बार्शीलाईट

छान लिहिलंय सर पण दुसरी बाजू पण येऊ द्या. माझ्या आत्याला पण असंच नेलं होतं, मोठ्या शहरातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात, नाव घेत नाही. आम्हाला पण तोच फोटो दाखवला, आधी नस बंद नंतर उघडी, हँडशेक वगैरे. दुसऱ्या दिवशी सूज आली, मेंदूत रक्त उतरलं, आत्या शुद्धीवर आलीच नाही, आणि बिल बघून आत्याच्या पोरानं बार्शीतली जागा काढली. बिल तर आधी विचारलं तेव्हा कोणी नीट सांगितलंच नाही, "आधी जीव महत्त्वाचा" म्हणून सही घेतली. नस उघडली म्हणजे माणूस वाचला असं लोकांना वाटतं आणि तसंच वाटू दिलं जातं. मोठा स्ट्रोक असेल, मेंदूचा मोठा भाग आधीच गेलेला असेल, तर मेलेल्या भागात रक्त सोडून उपयोग काय, उलट रक्तस्राव होणार. धंदा आहे का हा? खरं सांगा.


पार्कचौक

मेडिकल दुकानवाले साडू प्रत्येक घरात एक असतातच बे 😄
पण बार्शीवाल्यांचा प्रश्न लै रास्त आहे.


कॅथलॅबकट्टा

प्रश्न रास्तच आहे आणि बिलाबद्दल आधी आकडा न सांगणं चुकीचंच, त्याचं समर्थन नाही. अंदाज लेखी मागायचा हक्क आहे, आणि पेशंट आत घेईपर्यंत एक माणूस बिलिंगला जाऊन महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारू शकतो, त्यानं वेळ जात नाही.

आता मेंदूचं. नस उघडली म्हणजे माणूस बरा झाला असं अजिबात नाही. त्या २०१५ च्या पाच ट्रायल्स एकत्र करून जो हिशोब आला त्यात गुठळी काढलेल्यांपैकी ४६ टक्के तीन महिन्यांनी स्वावलंबी होते, न काढलेल्यांपैकी साधारण २६. म्हणजे काढूनही निम्म्याहून जास्त लोक कोणावर ना कोणावर अवलंबून राहिले किंवा गेले. हे आम्ही नातेवाईकांना सांगायला पाहिजे, फोटो दाखवायच्या आधी.

मेलेल्या भागात रक्त सोडलं तर रक्तस्राव होईल ही भीती आम्हाला पण वर्षानुवर्षं होती. मेलेल्या भागातल्या बारीक नसांच्या भिंती कमकुवत झालेल्या असतात, जोरात रक्त आलं की पाझरतं, सूज वाढते. म्हणून कोअर मोठा दिसला की आम्ही नको म्हणायचो. सीटीवर एक मार्क देतात, ॲस्पेक्ट्स म्हणतात, १० म्हणजे सगळं ठीक आणि जितके भाग गेले तितके मार्क कमी, तर ६ च्या खाली असेल तर सहसा हात लावायचा नाही असं होतं. मग २०२२ ला जपाननी आणि २०२३ ला अमेरिका, चीन, युरोपातल्या टीम्सनी याच लोकांवर, म्हणजे ३ ते ५ मार्कवाल्यांवर करून बघितलं. अमेरिकेतून चाललेली सिलेक्ट टू म्हणून ट्रायल आहे, त्यात स्वावलंबी झालेले २० टक्के विरुद्ध ७ टक्के. निदान स्वतःच्या पायानं चालू शकणारे ३८ विरुद्ध १९. मृत्यू दोन्हीकडं जवळपास सारखेच, १०० मध्ये ३८ ते ४२.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचा. ७ चे २० होतात म्हणजे जवळपास तिप्पट, आणि मोठा स्ट्रोक आहे म्हणून आपोआप नाही म्हणणं आता बरोबर नाही. पण त्याच वेळी १०० मधले ८० स्वावलंबी होत नाहीत, आणि आत्यांसारख्या केसेस त्या ८० मध्ये असतात. माझं स्वतःचं मत विचाराल तर वय, आधीची तब्येत, आणि पेशंटला स्वतःला कसं आयुष्य चाललं असतं हे घरच्यांना विचारल्याशिवाय मोठ्या कोअरच्या केसमध्ये घाई करू नये, पण ते विचारायला पाच मिनिटं पुरतात, दोन तास चर्चा करायची नसते.

सूज आली तर अजून एक गोष्ट असते ती बरेचदा कोणी सांगतच नाही. कवटीचा एका बाजूचा तुकडा काही आठवडे किंवा महिन्यांसाठी काढून ठेवतात, म्हणजे सुजलेल्या मेंदूला बाहेर यायला जागा मिळते आणि चांगली बाजू दाबली जात नाही. साठच्या आतल्या लोकांत, ४८ तासांच्या आत केलं तर जगणारे २९ टक्क्यांवरून ७८ टक्क्यांवर गेले, हा २००७ चा युरोपातल्या तीन ट्रायल्सचा एकत्र हिशोब. यानं मेलेला भाग परत येत नाही, जीव वाचतो, आणि त्यातले काही बरंच अपंगत्व घेऊन जगतात. अवघड निर्णय आहे. साठीच्या पुढं अजून अवघड.


बार्शीलाईट

हे असं आम्हाला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर कदाचित आम्ही तरी पण नेलं असतं, पण माहीत असून नेलं असतं. धन्यवाद सर.


जुळेसोलापूर_सिस्टर

सगळे पुण्याचं बोलतायत, मी इथल्या पहिल्या तासाचं बोलते कारण कॅज्युअल्टीत उभं राहून मला तेच दिसतं.

आधी ते पाणी पाजणं बंद करा हो. स्ट्रोकमध्ये गिळणं पण गेलेलं असतं, पाणी, चहा, साखरपाणी सरळ फुफ्फुसात जातं आणि मग नस उघडूनसुद्धा माणूस न्यूमोनियानं जातो. गोळी पण तोंडात घालायची नाही. हार्टवाली जिभेखालची गोळी देऊन आणतात, ॲस्पिरिन चघळायला देऊन आणतात कारण व्हॉट्सॲपवर हार्ट अटॅकसाठी वाचलेलं असतं. अहो नस बंद पडलीय का फुटलीय ते सीटीशिवाय देवाला पण कळत नाही, फुटलेली असली तर ॲस्पिरिननं अजून वाहणार. आणि बीपी २०० दिसलं की घाबरून ते पाडायची गोळी, ती तर अजिबात नको, बंद नसेच्या पलीकडं जे थोडं रक्त पोचतंय ते त्या वाढलेल्या बीपीच्या जोरावरच पोचतंय. इंजेक्शन द्यायच्या आधी १८५/११० च्या खाली आणावं लागतं पण ते आम्ही सलाईनमधून बघत बघत आणतो.

साखर मात्र बघा, घरी मशीन असेल तर तेवढं करा. शुगर एकदम खाली गेली तरी हुबेहूब लकव्यासारखं दिसतं.

वेळ. "केव्हा झालं" असं आम्ही विचारतो तेव्हा लोक सापडल्याची वेळ सांगतात, आम्हाला हवी असते शेवटचं नीट कधी बघितलं ती. रात्री दोनला उठून संडासला गेले होते आणि तेव्हा नीट बोलले असं सून आठवून सांगते तेव्हा सगळं गणितच बदलतं, साडेचार तासांच्या आत असेल तर इंजेक्शन देता येतं. म्हणून ज्यानं बघितलंय तो माणूस सोबत पाहिजे, आपल्याकडं काय होतं की बघितलेली बाई घरी राहते आणि दवाखान्यात सहा पुरुष येतात ज्यांना काहीच माहीत नसतं.

आणि थेट पुण्याला गाडी पळवू नका. पुणे म्हणजे चार-पाच तास. आधी जवळ जिथं चोवीस तास सीटी आहे तिथं न्या, इंजेक्शन बसत असेल तर ते इथंच घ्या, ते चालू ठेवूनच पुढं निघता येतं. आता टेनेक्टेप्लेज आल्यापासून तर बरंच सोपं झालंय, एकदाच शिरेतून द्यायचं, आधीचं अल्टेप्लेज तासभर पंपावर चालवावं लागायचं आणि गाडीत ते सांभाळणं म्हणजे काय ते आम्हालाच माहीत. सीटीची सीडी किंवा मोबाईलवर क्लिप घेऊन निघा, पुढच्यांना आधीच पाठवा म्हणजे गाडी पोचेपर्यंत त्यांची टीम तयार असते, नाहीतर तिथं परत पहिल्यापासून. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत तर होम मैदानाच्या बाजूनं गाडी काढूच नका, अडकलात की अडकलात, १०८ वाल्यांना रस्ते माहीत असतात, त्यांना ठरवू द्या.

तुमच्या भागात रात्री दोन वाजता सीटी कुठं होतो आणि हे इंजेक्शन कुठं देतात ते आजच फोन करून विचारून ठेवा. त्या वेळी शोधायला सुरुवात केली की तासभर गेला म्हणून समजा.


अक्कलकोटरोडवाला

सिस्टर, मामी हे वाचून म्हणाल्या पाणी थोडं पाजलं गेलं होतं, नशीब काही झालं नाही.

कट्टा सर, उत्तर प्रिंट काढून साडूंना दिलंय. वाचलं, आणि म्हणाले "मग इंजेक्शन का नाही दिलं, झोपेत पहाटे चारला झाला असेल तर साडेचार तासांत बसत होतं की." आता यावर काय सांगू. शिवाय मेंदूच्या ताकदीच्या म्हणून गोळ्या चालू आहेत सिटिकोलिनच्या, महागड्या, त्या किती दिवस?


कॅथलॅबकट्टा

साडू हुशार आहेत, प्रश्न अगदी बरोबर विचारलाय. त्यावर २०१८ ला वेकअप म्हणून युरोपात ट्रायल झालीय. एमआरआयचे दोन प्रकारचे फोटो असतात, एकात स्ट्रोक अर्ध्या तासात दिसायला लागतो आणि दुसऱ्यात दिसायला साधारण साडेचार तास जातात. पहिल्यात दिसतोय आणि दुसऱ्यात अजून दिसत नाही म्हणजे नुकताच झालाय असं धरून इंजेक्शन देतात, आणि त्याचा फायदा झाला, जवळपास पूर्ण बरे झालेले ५३ टक्के विरुद्ध ४२. पण त्यासाठी पहाटे एमआरआय चालू पाहिजे, तंत्रज्ञ जागेवर पाहिजे. नसेल तर डॉक्टरनी इंजेक्शन टाळलं ते योग्यच, रक्तस्रावाची जोखीम असते, सुरुवातीच्या अल्टेप्लेजच्या १९९५ च्या ट्रायलमध्ये १०० मध्ये ६ जणांना गंभीर रक्तस्राव झाला होता. आणि मेन नसेतली लांब गुठळी नुसत्या इंजेक्शननं बऱ्याचदा विरघळतच नाही, पुण्याला यावंच लागलं असतं.

सिटिकोलिनचं स्पष्ट सांगतो. २०१२ ला इक्टस नावाची ट्रायल झाली, २२९८ पेशंट, सिटिकोलिन आणि खोटी गोळी यांत फरक शून्य. मेंदूच्या पेशी वाचवणारं औषध शोधायला जगभर खूप पैसा गेलाय, प्राण्यांमध्ये चाललेली कित्येक औषधं माणसात पडली. आत्तापर्यंत मेंदू वाचवणारी गोष्ट एकच ठरलीय, रक्त लवकर परत आणणं. गोळी स्वतःहून बंद करू नका, पण पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा ही नसली तर चालेल का, आणि वाचलेले पैसे फिजिओ-स्पीचला लावा. बीपी आणि रक्त पातळ करणारी गोळी मात्र मनात आली तर वाली नाही, रोज.


होटगीरोड_फिजिओ

मूठ उघडत नाही म्हणजे स्नायू ताठ होतायत, हात उशीवर बोटं उघडी ठेवून ठेवा, दुसरा कोणी हात ओढून व्यायाम देत असेल तर खांदा निखळतो, ते बंद करा. चेंडू दाबायला देऊ नका, सगळे देतात, त्यानं बंद व्हायचीच सवय लागते, आपल्याला उघडायची पाहिजे.

बोलण्याबद्दल, दोन भाषा असलेल्या पेशंटमध्ये बहुतेकदा दोन्ही भाषा बरोबरीनं परत येतात पण काहींच्यात एक आधी येते, आपल्या पूर्व भागात तेलुगू-मराठी, कन्नड-मराठी घरं आहेत तिथं हे नेहमी दिसतं. तेलुगू शब्द येतायत तर तेलुगूतच बोला त्यांच्याशी. स्पीचवाल्याला तेलुगू येत नसेल तर मामींना शेजारी बसवा. आणि "बोला ना, बोला ना" असं मागं लागू नका, हो-नाही मध्ये उत्तर देता येईल असं विचारा, दमतात ती माणसं.


बार्शीलाईट

एक शेवटचं. माझ्या वडिलांचं वय ७०, नाडी मधेच चुकते असं फॅमिली डॉक्टर कधीचे म्हणतायत, बाकी त्रास काही नाही म्हणून आम्ही सोडून दिलंय. याचा आणि स्ट्रोकचा संबंध असतो का?


जुळेसोलापूर_सिस्टर

असतो, आणि मोठ्या स्ट्रोकशीच असतो. नाडी वेडीवाकडी चालायचं एक मोठं कारण एट्रियल फिब्रिलेशन, त्यात हृदयाचा वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, रक्त तिथं साचतं, गुठळी होते आणि सुटली की सरळ मेंदूच्या मेन नसेत जाऊन बसते. उद्या ईसीजी काढा. एका ईसीजीत नाही सापडलं तर चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर लावून सतत ईसीजी घेणारं मशीन, लावतात. सापडलं तर रक्त पातळ व्हायची गोळी देतील, ती ॲस्पिरिन नव्हे, वेगळी असते, वॉरफरिन दिली तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते, तपासत राहावं लागतं आणि आमटीत पालेभाजी एक दिवस गच्च आणि आठवडाभर नाही असं चालत नाही, रोज साधारण सारखी ठेवायची. लहानपणी सांधे सुजून ताप येऊन हृदयाच्या झडपेचा त्रास झालेला असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यात गोळीची निवड बदलते.


बार्शीलाईट

झडपेचं विचारतो घरी. उद्या सकाळीच नेतो.


अक्कलकोटरोडवाला

साडूंनी पण स्वतःचा ईसीजी काढायचं ठरवलंय, परस्पर, आम्हाला सांगितलं नाही, त्यांच्या दुकानातल्या पोराकडून कळलं.